स्वीडन/डेन्मार्कला झाडांच्या कामासाठी (आर्बोरिस्ट) जायचंय, जाणकारांचं मार्गदर्शन हवं

कातळवाट

नमस्कार. मी भोर तालुक्यातला, वय २९. आयटीआय फिटर केलं, पण जीव रमला कड्यांवर. प्रस्तरारोहणाच्या ग्रुपबरोबर लिंगाणा, वजीर, ड्यूक्स नोज करता करता दोर आणि गाठी हातात बसल्या. त्यातूनच पुण्यात झाडांच्या कामाला लागलो. पेठांमधले बोळ, बंगल्यांची मागची अंगणं, जिथे हायड्रॉलिक बकेट (माणसाला वर उचलणारी गाडी) पोचत नाही तिथे आम्ही तिघं दोरावरून चढून फांद्या उतरवतो. उद्यान विभागाची परवानगी हातात आल्याशिवाय करवत चालवत नाही.

काम भरपूर आहे, पण ते एप्रिल-मेमध्ये. पावसाआधी सगळ्यांना एकदम झाड आठवतं, बाकीचे महिने ओढाताण. मनाला जास्त लागतं ते वेगळंच. गिऱ्हाइकाला झाड बोडकं करून हवं असतं. "पुन्हा चार वर्षं बघायला नको, सगळं काढून टाका." मी समजावतो, काही ऐकतात, काही दुसऱ्याला बोलावतात आणि तो दुपारपर्यंत नुसता खुंट उभा ठेवून जातो.

स्वीडन आणि डेन्मार्कच्या लोकांचे व्हिडिओ बघतो. एका जुन्या ओकवर दोघं जण दिवसभर, आणि संध्याकाळी खाली आलेल्या फांद्या एका ट्रॉलीत मावतील एवढ्याच. मला तसं काम शिकायचंय.

शहरातल्या एका एजंटने सांगितलं की स्वीडनचं पक्कं वर्क परमिट, झाडांचंच काम, आठ लाख, त्यातले तीन आधी. बायको नर्स आहे, मुलगी दोन वर्षांची. पैसे उभे करता येतील, पण त्यासाठी जमिनीला हात लावावा लागेल आणि वडील त्याला तयार नाहीत. माझा अनुभव तिकडे चालेल का? कोणता देश बरा? कोणते कागद लागतात? कुणी प्रत्यक्ष हे काम करत असेल तर कृपया लिहा.

सांगलीकर_स्कोने

एजंटला एक रुपयाही देऊ नका. वडिलांचं ऐका. हे आधी, बाकीचं सावकाश वाचा.

मी दक्षिण स्वीडनमध्ये, स्कोने प्रांतात, आर्बोरिस्ट म्हणून काम करतो. इथे परवान्याची सुरुवात मालकाकडून होते. कंपनीला जागेची जाहिरात स्वीडन, युरोपीय संघ, ईईए (युरोपीय आर्थिक क्षेत्र) आणि स्वित्झर्लंडमध्ये किमान १० दिवस ठेवावी लागते. मग लेखी करार, कामगार संघटनेला मत देण्याची संधी, आणि आरोग्य, जीवन, कामावरचा अपघात व पेन्शन असे चार विमे. त्यानंतर अर्ज मायग्रेशन खात्याकडे ऑनलाइन जातो आणि त्याचं शुल्क थेट खात्याला भरायचं असतं. या सगळ्यात आठ लाख घेणाऱ्याचं काम काय? त्याला कंपनीचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. स्वीडनमधल्या प्रत्येक कंपनीचा क्रमांक कुणालाही तपासता येतो. तो टाळाटाळ करू लागला की समजून जा.

आता खरी अडचण. १ नोव्हेंबर २०२३ ला परवान्यासाठी पगार देशातल्या मधल्या पगाराच्या किमान ८० टक्के असण्याची अट आली. जून २०२५ मध्ये ही रक्कम महिना २९,६८० क्रोनर झाली. आकडा दर वर्षी बदलतो आणि रेषा आणखी वर नेण्याचं सरकारचं धोरण आहे, म्हणून अर्जाच्या वेळचा आकडा खात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्या. आमच्या धंद्यात नवखा माणूस जमिनीवर असतो. फांद्या ओढणं, चिपरमध्ये (फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्रात) घालणं, वरच्याचा दोर सांभाळणं ही त्याची कामं, आणि त्याचा पगार बहुतेक ठिकाणी या रेषेच्या आसपास किंवा खाली असतो. म्हणजे भारतातून नवखा माणूस आणणं कंपनीला जमतच नाही. येणारा चढणारा हवा, कापणारा हवा आणि त्याच्याकडे कागद हवेत. शिकायला तिकडे जाऊ हा विचार सोडा. शिकून या.

कोणते कागद? इथे नोकरीत चेनसॉ वापरणाऱ्याकडे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षेचा दाखला लागतो. लोक त्याला करवतीचं लायसन्स म्हणतात. पातळी ए म्हणजे करवतीची निगा आणि आडवं लाकूड कापणं, बी म्हणजे झाड पाडणं, पुढे अवघड कामांच्या पातळ्या. हे इथे आल्यावर मालक करून घेतो. पण अर्जासोबत वजन पडतं ते युरोपियन ट्री वर्कर या प्रमाणपत्राचं. ते युरोपियन आर्बोरिकल्चरल कौन्सिलचं आहे, युरोपातल्या बऱ्याच देशांत मानतात, आणि तीन वर्षांनी नव्याने सिद्ध करावं लागतं. लेखी परीक्षा, झाडं ओळखणं, चढणं, छाटणी, वर अडकलेल्या माणसाला खाली आणणं, सगळं तपासतात. ब्रिटनच्या सिटी अँड गिल्ड्सचे चढण्याचे आणि करवतीचे दाखलेही इथले मालक ओळखतात. तिसरं म्हणजे इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर (आयएसए) या संस्थेचं सर्टिफाइड आर्बोरिस्ट. त्याला तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे असं दिसतं. ती परीक्षा ज्ञानाची आहे, चढण्याची नाही, पण तुम्हाला झाड कळतं हे मालकाला त्यावरून समजतं.

आणि झाड कळणं हेच इथे मुख्य आहे. तुम्ही कड्यांवर चढता, उंचीची भीती नाही, हे चांगलं आहे, पण इथे चढणारे पुष्कळ मिळतात. मुलाखतीत मला एका जुन्या लिंडनच्या झाडाखाली उभं केलं आणि विचारलं, यातली कोणती फांदी काढशील आणि का. मी म्हटलं, ती वाळकी एक, बाकी काही नको. मला वाटतं नोकरी मला त्या उत्तरावर मिळाली.

अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं की झाडाची जखम भरत नाही, झाड ती आतल्या आत भिंती घालून बंद करतं. फांदी खोडाला मिळते तिथे जे फुगीर कडं असतं, त्याच्या बाहेरून कापलं तर झाडाला त्या भिंती घालता येतात. कडं कापलं तर कूज थेट खोडात. बोडकं केलेल्या झाडाला तर कडंच उरत नाही. तुम्हाला जे लागतं म्हणालात ना, त्यामागचं शास्त्र हे आहे. ते नीट वाचा.

देवराई

सांगलीकरांचा प्रतिसाद उत्तम. तरी एक वेगळं मत मांडते. मी झाडांच्या सर्वेक्षणाचं काम करते.

कातळवाट, तुमच्यासारखा माणूस पुण्यात हवा आहे. महाराष्ट्रात शहरी झाडांचा कायदा १९७५ चा आहे. वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहेत. २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. कागदावर आपण मागे नाही. मागे आहोत ते प्रत्यक्ष झाडावर जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत. परवानगीत लिहिलेलं असतं "विस्तार कमी करणे", आणि त्याचा अर्थ ठेकेदाराचा कोयतेवाला ठरवतो. त्याला ना हेल्मेट, ना दोर, ना कुणी शिकवलेलं. तो जिवावर उदार होऊन चढतो आणि झाडाचाही जीव घेतो. वड-पिंपळासारख्या झाडाचं वय, पोकळी, मुळांभोवतीचं काँक्रीट पाहून सल्ला देणारी माणसं संपूर्ण राज्यात किती निघतील?

मुंबईत आणि पुण्यात मोठ्या सोसायट्या, जुन्या शिक्षणसंस्था, क्लब आता नीट कामाला पैसे द्यायला लागल्या आहेत. जा, शिकून या, पण परत येण्याचा विचार मनात असू द्या, एवढंच म्हणते.

मांडवीकाठ

हांव गोंयचो, सध्या डेन्मार्कमध्ये, शेलँड बेटावर. गेली बरीच वर्षं झाडांचंच काम करतो. पण माझा रस्ता वेगळा होता आणि तो सगळ्यांना उघडा नाही, हे आधीच सांगतो.

आमच्या घरात माडावर चढणं पिढीजात. आजोबा पाडेली होते. ते १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यामुळे घरच्यांनी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतले. तो पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघाचं नागरिकत्व. मला वर्क परमिट लागलंच नाही. काम मिळालं, नोंदणी केली, सीपीआर नंबर (डेन्मार्कचा व्यक्तिगत नोंदणी क्रमांक) आला. पण त्याबरोबर भारताचं नागरिकत्व गेलं. आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. गोव्यातली बरीच मुलं हे नीट न समजता सही करतात, म्हणून लिहितो.

भारतीय पासपोर्टवर डेन्मार्क अवघड आहे. पगाराच्या मर्यादेची जी योजना आहे तिचा आकडा २०२५ साठी वर्षाला ५,१४,००० डॅनिश क्रोनर होता. झाडावर काम करणारा साधारणपणे तिथे पोचत नाही. दुसरी वाट कुशल कामांच्या यादीची. ती १ जानेवारी आणि १ जुलैला बदलते. आपलं काम त्यात आहे का ते प्रत्येक वेळी बघायचं. त्यामुळे तुम्ही स्वीडनवरच लक्ष द्या असं मलाही वाटतं.

माडावर चढणारा इथे कसा टिकला हेही सांगतो. माडाला फांदी नसते. इथल्या बीचच्या झाडावर तुम्ही वीस मीटरवर आडव्या फांदीच्या टोकाकडे चालत जाता, सगळा भार वरच्या दोरावर. पायांची सवय कामी आली, पण दोराचं सगळं नव्याने शिकलो. छाटणीला चढताना पायाला लोखंडी काटे लावायचे नाहीत, ते फक्त पाडायच्या झाडावर. जिवंत सालीत काटा घुसला की प्रत्येक भोक ही एक जखम. माझ्या पहिल्या मुकादमाने ही गोष्ट इतक्या कळकळीने सांगितली की मी थक्क झालो होतो. माडाला आम्ही खाचा पाडायचो.

निळीसंध्या

मी झाडांच्या क्षेत्रातली नाही, स्टॉकहोममध्ये आयटीत आहे. पण कुटुंब घेऊन येणार असाल तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

तुमची पत्नी नर्स आहे हे वाचलं. तुमच्या परवान्यावर जोडीदाराला इथे काम करता येतं, पण नर्स म्हणून नाही. त्यासाठी आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि स्वीडिश भाषेची बरीच वरची पातळी लागते. यात काही वर्षं जातात. त्यांना ते आधी सांगा, इथे आल्यावर कळलं तर फार जड जातं. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टर मैत्रिणीने त्या काळात खूप सोसलं. वृद्धांच्या निगेच्या कामात मात्र त्या लवकर शिरू शकतील. १ जून २०२२ पासून कुटुंब आणायचं तर तुमचा पगार त्यांच्या खर्चाला पुरेसा आहे हेही दाखवावं लागतं.

एक वर्ष किंवा जास्त राहणार असाल तर करखात्याकडून पर्सोननुमर, म्हणजे व्यक्तिगत नोंदणी क्रमांक, मिळतो. तो आल्याशिवाय बँक, फोन, दवाखाना सगळं अर्धवट. तो आला की एसएफआय, म्हणजे सरकारी स्वीडिश वर्ग, फुकट. पहिल्याच आठवड्यात नाव घाला. आयटीत इंग्रजीवर निभावतं. तुमच्या कामात वरून ओरडलेला शब्द खालच्याला त्याच क्षणी कळायला हवा, तेव्हा भाषा टाळून चालणार नाही. मुलीला पाळणाघर एक वर्षापासून मिळतं, फीला वरची मर्यादा आहे, आणि मुलं तिथे सहा महिन्यांत आपल्याला स्वीडिश शिकवायला लागतात.

घर ही खरी डोकेदुखी. स्टॉकहोमपेक्षा लहान गावातली नोकरी मिळाली तर आनंदाने घ्या.

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला आज नाही सांगितलं. वडिलांना हा धागा वाचून दाखवला, ते पहिल्यांदाच या विषयावर माझ्याशी शांतपणे बोलले.

सांगलीकरदादा, अजून विचारू का? हिवाळ्यात काम चालतं का? हातात नक्की किती उरतं? आणि तुम्ही व्हिडिओत दिसतं तसंच काम रोज करता, की तेही इथल्यासारखंच कापाकापी असते? माझी सगळी धडपड या शेवटच्या प्रश्नासाठी आहे.

सांगलीकर_स्कोने

शेवटच्या प्रश्नाचं आधी. दोन्ही असतं. आठवड्यातले काही दिवस सरळ तोडणी, घराशेजारचा स्प्रूस, रस्त्यावरचा मेलेला अ‍ॅश. अ‍ॅशला एका बुरशीने गेल्या काही दशकांत युरोपभर ग्रासलंय. असलं झाड आतून ठिसूळ होतं आणि त्यावर चढणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, म्हणून तिथे आम्ही बकेट किंवा क्रेन वापरतो. चढायला नाही म्हणणं हेही इथे कौशल्य मानतात. "मी यावर चढणार नाही" असं सांगणाऱ्याला मुकादम कारण विचारतो, ओरडत नाही.

आणि मग ते दुसरे दिवस. स्वीडनमध्ये छातीच्या उंचीवर एक मीटरपेक्षा जाड झाड, २०० वर्षांपेक्षा जुना ओक, बीच, पाइन किंवा स्प्रूस, किंवा ४० सेंटिमीटरहून जाड आणि पोकळी असलेलं झाड विशेष जपण्याजोगं धरतात. त्याला धक्का लागेल असं काम असेल तर आधी प्रांताच्या प्रशासनाशी सल्लामसलत करावी लागते. आपल्याकडे पोकळ झाड म्हणजे धोकादायक झाड. इथे पोकळीतला लाकडाचा भुगा म्हणजे दुर्मीळ भुंगेऱ्यांचं घर. आम्ही वजन कमी करतो, वरची टोकं थोडी आत घेतो, वाळकी फांदीही शक्य तिथे ठेवतो. पाडलेला जाड ओंडका ट्रकमध्ये न घालता तिथेच सावलीत रचून ठेवतो. त्यात किडे, बुरशी, मग पक्षी. पहिल्यांदा असं केलं तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

या देशाचं ओकशी नातं जुनं आहे. १५५८ मध्ये राजा गुस्ताव वासाने ओक राजसत्तेच्या मालकीचे ठरवले, जहाजांसाठी. शेतकऱ्याच्या रानातला ओक शेतकऱ्याचा नव्हता, आणि त्यामुळे शेतकरी कित्येक पिढ्या त्या झाडावर दात खाऊन होते. तोच देश १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या कुंगस्ट्रॅडगोर्डेन बागेत एल्मच्या झाडांसाठी रस्त्यावर उतरला. मेट्रोच्या दारासाठी झाडं तोडणार होते. लोक झाडांवर चढून बसले, पोलिसांशी झटापट झाली आणि झाडं राहिली. दार दुसरीकडे काढलं. मी स्टॉकहोमला गेलो की तिथे जातोच.

हिवाळा. तोडणीचा मोठा मोसम तोच. पानं नसतात, जमीन गोठली की गाड्या गवत खराब करत नाहीत. स्कोनेत डिसेंबरात सुमारे सात तास उजेड, स्टॉकहोमला सहा. सकाळी सातला अंधारात गाडी भरायची आणि उजाडेपर्यंत करवतींना धार लावायची. थंडीपेक्षा ओल वाईट, भिजलेला दोर रात्रीत गोठतो. गोठलेलं लाकूड वेगळं वागतं. झाड पाडताना लाकडाची जी पट्टी न कापता बिजागरीसारखी ठेवतो ती आपल्या अंदाजाआधी तुटू शकते. हे पुस्तकात वाचून पुरत नाही, पहिल्या हिवाळ्यात जुन्या माणसाजवळ उभं राहून बघा. मेपल, बर्च, अक्रोड यांची छाटणी मात्र जुलै ते सप्टेंबरमध्ये. वसंतात त्यांना काप दिला की रस वाहत राहतो.

पैसे. तीस हजारांच्या पगारावर कर जाऊन हातात साधारण तेवीस-चोवीस हजार क्रोनर येतात. लहान गावात दोन खोल्यांचं घर आठ-दहा हजार. एकट्याचं भागून शिल्लक राहते. कुटुंब एका पगारावर आलं तर पहिली दोन वर्षं घट्ट जातात. गावाकडे कर्जाचा हप्ता असेल तर येऊच नका. वर्षाला २५ दिवस भरपगारी रजा कायद्यानेच मिळते. कायद्याने ठरवलेलं किमान वेतन स्वीडनमध्ये नाही. संघटना आणि मालकांच्या करारातून पगार ठरतो. म्हणून कंपनीला सामूहिक करार आहे का ते आधी विचारा आणि आल्यावर संघटनेचे सभासद व्हा. माझ्या परवान्यावर पहिली दोन वर्षं कंपनी आणि व्यवसाय दोन्ही छापलेले होते. अशा वेळी मालक वाईट निघाला तर पाठीशी संघटनाच असते.

गोचीड विसरू नका. इथल्या गवतातल्या गोचिडीमुळे मेंदूज्वराचा एक प्रकार होतो, त्याची लस आहे, सुरुवातीला तीन डोस. लायम रोगाला माणसांसाठी लस नाही, रोज संध्याकाळी अंग तपासणं हाच उपाय.

उंचीवरचा

मी रोप अ‍ॅक्सेसमध्ये आहे, म्हणजे दोरावर लटकून उंचीवरची कामं, काचेच्या इमारती आणि पवनचक्क्या. कातळवाट, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट लिहिलेली नाही आणि तीच मला सतावतेय. तिघांपैकी एक वर बेशुद्ध झाला तर बाकीचे दोघं त्याला किती वेळात खाली आणतात?

हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाकडे फार वेळ नसतो. करवतीने मांडी कापली गेली असेल तर आणखी कमी. आपल्याकडे अशा वेळी अग्निशमन दलाला फोन करतात. गाडी गर्दीत अडकते आणि पेठेच्या बोळात शिरत नाही. बाहेरच्या देशांत नियम साधा आहे. एक जण वर असेल तर सुटका करू शकणारा दुसरा जण साहित्यासह खाली हजर हवाच. वर करवत चालवताना दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेलं असायला हवं, एक दोर चुकून कापला तरी दुसरा धरतो. करवत दोन्ही हातांनी. रक्त थांबवायची पट्टी हार्नेसवर, गाडीत नाही.

प्रस्तरारोहणाचा दोर आणि झाडाचा दोर एक नाहीत, हेही लक्षात घ्या. कड्यावरचा दोर ताणतो, पडण्याचा झटका गिळायला. झाडावर कमी ताणाचा दोर आणि घसरगाठ किंवा यांत्रिक पकड लागते, कारण तुम्ही दिवसभर त्याच्यावरच बसलेले असता.

तुम्ही स्वीडनला जा किंवा नका जाऊ, पुढच्या रविवारी तिघांनी एका आंब्यावर सुटकेचा सराव करा. आधी सहा-सात फुटांवर, रिकाम्या हाताने.

फ्योर्डकाठी

नॉर्वेबद्दल थोडक्यात. इथे वृक्षनिगा हा शिकाऊ उमेदवारी आणि परीक्षेचा अधिकृत धंदा आहे. कुशल कामगाराच्या परवान्यासाठी इथल्या अभ्यासक्रमाशी जुळणारं निदान तीन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी मागतात. फिटरचा आयटीआय त्यात बसणार नाही. शिक्षणाच्या वाटेने यायचं म्हणाल तर २०२३ पासून नॉर्वेतही युरोपाबाहेरच्यांना विद्यापीठाची फी लागू झाली. डेन्मार्कने ती २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये आणि फिनलंडने २०१७ मध्ये लावली. आता या चारही देशांत युरोपाबाहेरच्यांना विद्यापीठाचं शिक्षण सहसा फुकट मिळत नाही, कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सावध राहा.

देवराई

उंचीवरचा, तुमच्या प्रतिसादासाठी विशेष आभार. हा सराव बघायला मी येईन. आमच्या सर्वेक्षणाच्या टोळीतल्या मुलांनाही आणेन, चालेल का?

कातळवाट

जरूर या ताई. उंचीवरचादादा, खरं सांगायचं तर आम्ही कड्यावरचा सराव करतो, झाडावरचा कधी केला नव्हता. आंबा भोरला आमच्याच बांधावर आहे, तिथेच करू. कमी ताणाचा दोर कुठून घ्यायचा ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ठरवलंय ते असं. एजंट बंद. यंदा पाऊस संपल्यावर आयएसएच्या परीक्षेचा अभ्यास, बायको इंग्रजीला मदत करणार आहे. त्यानंतर युरोपातल्या एखाद्या प्रशिक्षण केंद्रात चढण्याचा आणि सुटकेचा छोटा अभ्यासक्रम आणि ट्री वर्करची परीक्षा. त्याचा खर्च आठ लाखांच्या जवळपासही जाणार नाही, आणि दाखला माझा राहील, पुढे गेलो तरी आणि इथे राहिलो तरी. स्वीडिश मोबाइलवर सुरू केलंय. मुलगी माझ्यापेक्षा बरे उच्चार काढते.

सांगलीकरदादा, कंपन्यांना लिहायचं तर काय पाठवू?

सांगलीकर_स्कोने

एका पानाचा बायोडाटा, साध्या इंग्रजीत. कोणत्या उंचीची, कोणत्या प्रकारची झाडं, कोणत्या करवती चालवल्या, कोणती पद्धत, एकेरी दोर की दुहेरी. गिर्यारोहणाला एक ओळ पुरे. शिखरांची यादी नको.

मग एकाच झाडाचे फोटो, छाटणीआधी, नंतर आणि शक्य असेल तर वर्षाने. कापलेली जागा जवळून दिसली पाहिजे. कडं शाबूत आहे का, साल फाटली का, हे बघणारा दोन सेकंदांत ओळखतो. पुण्यातल्या वर्षावृक्षाची नीट केलेली छाटणी इथल्या माणसाला आवडेल, असली झाडं त्याने पाहिलेली नसतात. बोडक्या केलेल्या झाडाचा एकही फोटो घालू नका, दुसऱ्याने केलेलं असलं तरी. सुटकेच्या सरावाचा दोन मिनिटांचा अखंड व्हिडिओ, न कापलेला. तो पुढच्या रविवारीच काढा, मग महिन्याभराने पुन्हा, आणि चांगला असेल तो पाठवा.

मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांमागे न लागता दहा-पंधरा माणसांच्या कंपन्या शोधा. आर्बोरिस्ट संघटनेच्या यादीत आणि सरकारी नोकरी-संकेतस्थळावर त्या सापडतात. पाठवायच्या आधी मला व्यनि करा, मी वाचून देतो. ऑगस्ट अखेरपर्यंत मेल गेली पाहिजे. ऑक्टोबरात तोडणीचा मोसम लागतो आणि मग मार्चपर्यंत कुणी उत्तर देत नाही.